कृपा आणि माउली : एका ख्रिस्ती कल्पनेचा मराठी प्रवास

'कृपा' हा शब्द आपण मराठीत फार स्वस्तात वापरतो. 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' या पाटीपासून 'देवाच्या कृपेनं मुलगा मार्गी लागला' या वाक्यापर्यंत तो सगळीकडे असतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ सौजन्य किंवा नशिबाची साथ एवढाच उरतो. मराठी ख्रिस्ती लेखनात मात्र हाच शब्द पारिभाषिक आहे. नव्या करारातील 'खारिस' या ग्रीक शब्दासाठी तो योजला जातो. त्याचा अर्थ, माणसाने न कमावलेली, त्याच्या लायकीवर न ठरलेली आणि परतफेडीची अपेक्षा नसलेली देवाची प्रीती. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याची व्याख्याच सापडते. तारण हे दान आहे, कर्माचे फळ नव्हे, म्हणून त्याबद्दल कोणी बढाई मारू नये, असा तेथील आशय आहे.

ही कल्पना समजावताना ख्रिस्ती प्रवचनकार हटकून एकच दाखला देतात, तो आईबापांच्या मायेचा. लेकरू कसेही असले तरी आईबाप त्याला टाकत नाहीत, देवही तसाच, असे सांगितले जाते. मी ख्रिस्ती नाही आणि ईश्वरशास्त्राचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. नाशिकच्या इंदिरानगरात राहून, सार्वजनिक वाचनालयातून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळेल ते वाचत गेलो, एवढीच माझी तयारी. पण एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना हा दाखला मला वारंवार अडवीत राहिला. आईबापांची माया खरोखरच विनाअट असते का? नसेल, तर त्या दाखल्यावर उभी केलेली कृपेची कल्पना टिकते का? या लेखात याच प्रश्नाचा माग काढला आहे. उत्तर शोधताना मला फार लांब जावे लागले नाही. ते बरेचसे नाशिकच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडले.

वाटणी मागणारा मुलगा

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, मिळालेले घेऊन परदेशी जातो आणि सगळे उधळतो. पुढे दुष्काळ पडतो. तो डुकरे राखू लागतो, त्यांच्या चाऱ्यावरही त्याची वासना जाते. शेवटी शुद्धीवर येऊन तो परत निघतो. वाटेत बापापुढे बोलायचे शब्द जुळवतो : मी चुकलो, आता मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एक मजूर म्हणून ठेव. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मग अंगावर उत्तम झगा, बोटात अंगठी, पायांत जोडा आणि घरात मेजवानी.

मराठी वाचकाला ही गोष्ट एका ठिकाणी कमी टोचते आणि एका ठिकाणी जास्त. केनेथ बेली या अभ्यासकाने पश्चिम आशियातील खेड्यांत वर्षानुवर्षे राहून या दृष्टांतांचा अभ्यास केला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने दाखवले, की त्या समाजात बाप जिवंत असताना वाटा मागणे म्हणजे त्याच्या मरणाची इच्छा करण्यासारखेच होते. आपल्याकडे मिताक्षरा परंपरेने मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच वाटा दिला आहे. गावोगावी वाटण्या होतात, बांधावरून भांडणे होतात. त्यामुळे वाटणी मागण्याचा अपमान आपल्या अंगावर तितकासा येत नाही.

जास्त टोचते ते परत येणे. मुलाने जुळवलेले शेवटचे वाक्य, 'मजूर म्हणून ठेव' या आशयाचे, बापासमोर उच्चारलेच जात नाही. लूकने ते गाळले आहे. बाप त्याआधीच चाकरांना हुकूम देऊ लागतो. म्हणजे मुलाने आणलेला तह बाप वाचूनही पाहत नाही. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मिठी, मग बाकी सारे. मुलगा सुधारला आहे की फक्त भुकेजला आहे, याची चौकशी गोष्टीत कोठेच नाही.

आपल्या परंपरेत परतीचा रस्ता नव्हता असे नाही. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण नवरा-बायकोच्या काडीमोडासाठी वापरतो. धर्मशास्त्रात तो पतिताला जिवंतपणीच मेलेला मानून, त्याच्या नावाने घट लवंडून टाकण्याचा विधी होता. त्याच धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेतलेल्याला पुन्हा सामावून घेण्याचा विधीही सांगितला आहे. नवा घट घेऊन त्याच्यासह स्नान करावे, असे त्याचे स्वरूप. पण तेथे आधी प्रायश्चित्त आणि मग नवा घट. उधळ्या पुत्राच्या गोष्टीने नेमका हा क्रम उलटा केला.

१८४३ : मुंबईतला एक मुलगा

हा केवळ पुस्तकी भेद नव्हता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. हेच पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मुलगा घरी आला, पण प्रश्न संपला नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचे की नाही, यावर मुंबई-पुण्याच्या शास्त्रीमंडळींत रण माजले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून खटपट केली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

या प्रकरणाकडे आपण सहसा धर्मांतराच्या वादातला एक टप्पा म्हणून पाहतो. मला त्यात उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा मराठी पाठ दिसतो. बाप मुलासाठी धावला होता, कोर्टाची पायरी चढला होता. त्याच्या मायेत कमतरता नव्हती. अडले ते वेशीवर. बापाची मिठी मोकळी असली तरी तो बाप एका जातीत, एका गावात राहतो आणि त्याच्या मायेला त्या गावाची संमती लागते. जांभेकरांसारखा सुधारकही प्रायश्चित्ताची अट काढून टाकू शकला नाही, ती पुरी करता येईल एवढी सैल करण्यासाठीच त्याला झगडावे लागले. बेलींच्या मते दृष्टांतातला बाप धावतो त्यालाही हेच कारण आहे. गाव मुलाला वेशीवर अडवून अपमानित करील, त्याच्या आत बापाने त्याला गाठले पाहिजे. वयस्क, प्रतिष्ठित माणसाने वस्त्र सावरत रस्त्याने धावणे त्या समाजात लाजिरवाणे होते. मुलाच्या वाट्याची लाज बापाने स्वतःच्या अंगावर घेतली.

या बाबतीत ख्रिस्ती समाज निर्दोष होता असे मात्र समजू नये. चर्चच्या इतिहासातही जाहीर प्रायश्चित्ते आहेत, बहिष्कार आहेत, मंडळीच्या शिस्तीचे कडक नियम आहेत. दृष्टांतातील थोरला भाऊ प्रत्येक समाजात असतो. मी इतकी वर्षे राबलो, मला एक करडूही दिले नाही आणि या उधळ्यासाठी मेजवानी, ही त्याची तक्रार हिशेबाने अगदी बरोबर आहे. बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे मात्र येशूने सांगितलेले नाही. गोष्ट तेथेच थांबते.

नाशिकला आलेला मुलगा

या गोष्टीत आई नाही, ही गोष्ट अनेकांना खटकली आहे. रेम्ब्रांने आयुष्याच्या अखेरीस रंगवलेले उधळ्या पुत्राचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मुलाच्या पाठीवर टेकलेले बापाचे दोन हात त्यात सारखे नाहीत. एक रुंद आणि राकट, दुसरा निमुळता आणि मऊ. पाहणाऱ्यांनी त्यात बापाचा एक आणि आईचा एक असे दोन हात पाहिले. हेन्री नौवेन या डच धर्मगुरूने या चित्रावर एक पुस्तकच लिहिले.

मराठीत आईचा हा हात चित्रातून नव्हे, कवितेतून आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले. बालपणी आई जानकीबाईंवर त्यांचा फार जीव. वडील वामनराव तापट आणि कठोर. आईच्या अकाली मृत्यूनंतर मुलाने घर सोडले आणि नाशिक गाठले. येथेच गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'पिता' या शब्दापेक्षा 'माउली' त्यांना जवळचा वाटावा, याचे एक कारण या बालपणात असू शकेल.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे टिळकांना लहान करणे होईल. 'माउली' हा शब्द त्यांना तयार मिळाला होता. ज्ञानेश्वर माउली, विठाई माउली. वारकऱ्यांनी शतकानुशतके देवाला आईपण देऊन ठेवले होते. नुसत्या नजरेने पिलांना पोसणारी कासवी, वासराच्या ओढीने धावणारी गाय, ही संतवाणीतील चित्रे प्रत्येक मराठी कानाला ओळखीची होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्या पुलावरून त्यांनी येताना जे आणले, त्यात हा शब्द सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहातील त्यांची गीते आजही मराठी चर्चमधून गायिली जातात.

यात टिळकांनी ख्रिस्ती कल्पनेला हिंदू मुलामा दिला, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाही. अकराव्या शतकात कँटरबरीच्या अन्सेल्मने आपल्या प्रार्थनेत येशूला आई म्हटले होते. चौदाव्या शतकातील नॉरिचच्या जुलियनाने त्यावर सविस्तर चिंतन केले. त्याच्याही मागे, येरुशलेमसाठी हळहळताना खुद्द येशूने स्वतःला पिले पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा दिली आहे. हिब्रूत करुणेला 'रहमीम' म्हणतात आणि गर्भाशयाला 'रेहेम'. दोन्ही शब्द एकाच धातूचे. युरोपच्या ईश्वरशास्त्रात मागे पडलेली ही गोष्ट मराठीत सहज पुढे आली, कारण येथे तिच्यासाठी घर बांधलेले होते.

कृपेत माणसाचा वाटा किती, हा प्रश्नही आपल्याकडे आईच्याच भाषेत विचारला गेला आहे. तमिळ श्रीवैष्णवांत त्यावरून दोन पंथ पडले. वडकलै पंथ म्हणतो, जीव माकडीच्या पिलासारखा आहे, आई नेते पण पिलाने तिला घट्ट धरून ठेवले पाहिजे. तेन्कलै पंथाच्या मते जीव मांजरीच्या पिलासारखा आहे. ते काहीच करीत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून उचलून नेते. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात पाचव्या शतकाच्या प्रारंभी पेलाजियस आणि ऑगस्टिन यांच्यात झालेला वाद याच्याच जवळचा. माणूस आपल्या इच्छाबळावर चांगला होऊ शकतो, असे पेलाजियसचे म्हणणे. चांगले होण्याची इच्छासुद्धा कृपेनेच होते, हे ऑगस्टिनचे उत्तर. रुडॉल्फ ओटो या जर्मन विद्वानाने भारतीय कृपामार्ग आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथच लिहिला. तेव्हा 'विनाअट कृपा' ही कल्पना परकी आणि आपल्याला अनोळखी आहे, असे मानण्याचे कारण नाही.

नकोशी

येथवर आईचा दाखला चांगला चालला. आता तो अडतो ती जागा.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. 'नकुशा', 'नकोशी' अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून आईबापांनीच ठेवलेली ही नावे. शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, रोजच्या हाकेत या मुलींनी ती वागवली होती. यातले बहुतेक आईबाप क्रूर नव्हते. त्यांनी या मुलींना खाऊपिऊ घातले, वाढवले. तरीही त्या मायेला एक अट होती आणि ती अट लेकीचे नाव होऊन बसली होती. गुणांची अट, लग्न कोणाशी करायचे याची अट, जातीची अट या आपल्या घराघरांतल्या गोष्टी आहेत. आईबापांची माया विनाअट असते, हे वाक्य या मुलींसमोर उभे राहून म्हणता येत नाही.

बायबलमधील होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक नकोशी आहे. होशेयाला मुलगी होते आणि तिचे नाव ठेवले जाते 'लो-रुहामा', म्हणजे जिच्यावर दया नाही ती. या नावातही तोच गर्भाशयाचा धातू आहे. जिला कुशीची माया मिळाली नाही अशी, असा अर्थ मराठीत कानाला भिडेल. पुढच्याच अध्यायात त्या नावातील नकार काढून टाकला जातो आणि ती 'रुहामा' होते. यशयाच्या पुस्तकातही टाकलेल्या नगरीला नवे नाव मिळते, त्याचा अर्थ 'माझी आवडती'. सातारच्या समारंभात जे घडले, ते अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पानांवर कृपेची खूण म्हणून आले आहे. मुलीने नवे नाव कमावलेले नाही. तिच्यात काहीच बदललेले नाही. हाक मारणाऱ्याने हाक बदलली.

यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात तर प्रश्न सरळ विचारला आहे. आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? प्रवचनातून आपण येथे 'छे, कधीच नाही' असे उत्तर ऐकतो. मूळ मजकूर तसे म्हणत नाही. तो म्हणतो, एखादे वेळी तीही विसरेल, मी विसरणार नाही. या एका 'एखादे वेळी'मध्ये मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आईबापांचे प्रेम परिपूर्ण आहे म्हणून त्यावरून देवाचे प्रेम ओळखा, असे बायबल सांगत नाही. आपल्या माहितीतले सर्वांत निःस्वार्थ प्रेम ते दाखवते, ते कोठे थकते तेही दाखवते आणि कृपा त्या जागेच्या पुढे सुरू होते म्हणते. आईबाप हे मोजमाप नाहीत, तो दिशा दाखवणारा हात आहे. त्यामुळे ज्यांना चांगले आईबाप लाभले नाहीत त्यांच्यासाठी ही कल्पना बाद ठरत नाही. उलट ती मुख्यतः त्यांच्यासाठीच असावी असे वाटते.

कृपेचे पुढे काय होते

एक शंका उरते. काहीही केले तरी स्वीकार होणार असेल, तर चांगले का वागावे? ही शंका पौलाला रोमकरांस पत्र लिहितानाच ठाऊक होती. सहाव्या अध्यायाची सुरुवात तिनेच होते. १९३७ साली जर्मन धर्मशास्त्री डीट्रिश बोनहोफर याने 'स्वस्त कृपे'विरुद्ध लिहिले. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि अनुसरणाशिवाय आश्वासन ही त्याच्या मते कृपेची नक्कल होती. पुढे हिटलरविरोधी कटात सहभागी असल्यावरून १९४५ साली त्याला फाशी देण्यात आली. विनाअट म्हणजे परिणामशून्य नव्हे. बदल ही कृपेची अट नाही, पण ती पोचल्याची खूण मात्र आहे.

ती खूण नाशिकच्या परिसरात पाहायची तर लक्ष्मीबाई टिळकांकडे वळावे लागते. त्यांचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले असले, तरी स्पर्शालाही अट असलेले ते घर होते. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्या त्यांच्या धर्मापासून दूर राहिल्या. जातिभेद देवाने केला नाही हे आधी स्वतःच्या मनाशी पटवले, कोणाच्याही हातचे पाणी घेतले आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या घरात अनेक पोरकी मुले वाढली. ती कोणाची, कोणत्या जातीची, हे विचारले गेले नाही. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. स्वतःच्या समाजाने दारावर लावलेली अटही त्यांनी शेवटी काढून टाकली.

इंदिरानगरहून शहराकडे निघाले की थोड्याच वेळात शरणपूर रस्ता लागतो. बँका, दुकाने आणि वाहनांच्या गर्दीत त्या नावाकडे कोणाचे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने येथे ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले तिच्यात आणून ठेवली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीला हजर राहिला. मिशनच्या कामामागे साम्राज्याचे हिशेब होते, धर्मप्रसाराचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आईबापांपासून तोडलेल्या, घरचे नावही हरवलेल्या मुलांच्या वस्तीला 'शरणपूर' म्हणावेसे वाटले, याचीही नोंद घेतली पाहिजे.

'शरण' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. हरलेला माणूस शरण जातो, आणि निराधाराला शरण मिळते. पहिल्यात जाणाऱ्याने काहीतरी खाली ठेवायचे असते, दुसऱ्यात देणाऱ्याने दार उघडायचे असते. कृपेवरचे दीड-दोन हजार वर्षांचे वाद या दोन अर्थांमधले आहेत. आधी खाली ठेवायचे की आधी दार उघडायचे? उधळ्या पुत्राच्या बापाने, होशेयाच्या लेकीला नवी हाक देणाऱ्याने आणि ख्रिस्ताला माउली म्हणणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्याने आपले उत्तर दिले आहे. आपल्या घरी, आपल्या लेकरांच्या बाबतीत, आपण कोणते उत्तर देतो, हे मात्र कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यावर द्यायचे आहे.